वालाचं बियाणं आणि चार-पाच दिवसांची संधी

शहापूर-मुरबाडकडे भात कापून झालं की त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा पेरतात. वाल घरात येतो फेब्रुवारी-मार्चला आणि पुन्हा पेरायचा दिवाळीनंतर. मधल्या आठ-नऊ महिन्यांत अख्खा पावसाळा येतो. दमट हवेत भुंगा बियाण्याचं पीठ करतो.

मूठभर वाल उजेडात निरखून पाहा. दाण्यावर खसखशीहून बारीक ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंग्याची अंडी. ठिपका काचेसारखा नितळ असेल तर अंडं अजून फुटायचं आहे. तो दुधी पांढरा झाला असेल तर वेळ गेली. अळी अंड्याच्या बुडातूनच थेट दाण्यात शिरते आणि पोखरलेला भुगा मागे टरफलात सारते, त्यामुळे ठिपका पांढरा होतो. पुढचं सगळं आतच चालतं. उबदार हवेत साधारण महिनाभरात दाण्याला गोल झाकण पाडून नवा भुंगा बाहेर येतो. कॅलोसोब्रुकस हे त्याचं शास्त्रीय नाव. साठवणीत तो काही न खाताच आठवडा-दोन आठवडे जगतो आणि तेवढ्यात मादी ८०-१०० अंडी घालून मोकळी होते.

म्हणजे बियाण्याला चोळायच्या कडुनिंब, निरगुडीसारख्या वनस्पतींच्या भुकटीला वाव मिळतो तो अंडी घालण्याआधी आणि नंतरचे जेमतेम चार-पाच दिवस. अळी आत गेल्यावर वरून कितीही भुकटी चोळा, तिला पत्ताही लागत नाही. ‘पाल्यानं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी बहुधा भुकटी भुंगे उडायला लागल्यावर टाकलेली असते. शिवाय पहिली अंडी अनेकदा शेतातच, वाळत्या शेंगांवर पडतात. म्हणून आधी कडक ऊन, आणि दाणे निवाले की लगेच भुकटी.

कडुनिंबाचा दबदबा मोठा आहे. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लिंबोळीचा अर्क फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. त्यातलं अझाडिरॅक्टिन १९६८ मध्ये वेगळं काढलं गेलं. पण टोळ खातो आणि आपला भुंगा खातच नाही! इथे उपयोगी पडतं ते लिंबोळीच्या गरातलं तेल. त्याचा थर अंड्याची हवा कोंडतो आणि मादी त्या दाण्यावर अंडी घालायला बिचकते. म्हणून नुसत्या पाल्यापेक्षा गराची भुकटी सरस, किलोमागे साधारण २०-३० ग्रॅम. ती सावलीतच वाळवायची.

निरगुडी बांधावर फुकट मिळते, पण तिची मदार वासावर. तो उडाला की भुकटी नुसता कचरा, त्यामुळे पावसाळ्यात ती एकदा तरी बदलावी लागते. चुलीची राख वेगळ्या वाटेनं काम करते. दाण्यांमधल्या फटी भरून ती भुंग्याची वाट अडवते, त्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडून त्याला सुकवते. फक्त चिमूटभर टाकून भागत नाही, दाणे राखेत बुडायला हवेत.

वेखंड आणि सीताफळाच्या बिया या दोन्हींमध्ये जोर जास्त, म्हणून धोकाही जास्त. वेखंडातलं बीटा-असारोन मादीच्या अंडाशयाची वाढ रोखतं. त्याच द्रव्यानं उंदरांना कर्करोग झाल्याचं आढळल्यावर अमेरिकेनं १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांतून हद्दपार केलं. सीताफळाच्या बियांमधली द्रव्यं पेशींची ऊर्जानिर्मितीच थांबवतात, आणि त्या कुटताना पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. ही दोन्ही फक्त पेरायच्या बियाण्यासाठी वापरावीत. ते मडकं खायच्या वालापासून लांब, खूण करून ठेवावं. बिरड्यासाठी वाल काढायला आलेल्या पाहुणीला त्यात काय मिसळलंय हे कुठून ठाऊक असणार?