सागरतळाची जमाखर्चाची वही

संस्कृत शिकवितांना ‘प्रवाल’ म्हणजे कोंवळी पालवी आणि पोंवळें, असे दोन अर्थ आम्ही सांगत असूं. प्रवाळ हें सूक्ष्म जीवांनीं बांधिलेलें घर होय, हें सांगावयाचें राहून गेलें. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस अशा घरांची सुमारें २,३०० किलोमीटर लांब रांग आहे. इ. स. २०१२ मध्यें तेथें पाणबुड्यांनीं तळाचीं हजारों छायाचित्रें घेतलीं. चित्रावर ठिपके टाकावयाचे आणि प्रत्येक ठिपक्याखालीं जिवंत प्रवाळ, शेवाळ कीं वाळू, हें मोजावयाचें, अशी ही रीत. २०१६ सालीं पाणी तापलें. प्रवाळांस पोसणारें आंतील सूक्ष्म शैवाल निघून गेलें व तीं पांढरीं पडलीं. जुनीं चित्रें होतीं, म्हणूनच हानि मोजतां आली. वाचकहो, वहीवांचून घरची तूटहि कळत नाहीं. मात्र वही लिहिल्यानें ती भरून निघत नाहीं.