दारावरचा निळा कागद

इंग्लंडमधल्या एखाद्या गावात बाजाराच्या रस्त्याने चालत जा. कधी ना कधी एखाद्या गाळ्याच्या काचेवर फिकट निळा कागद चिकटवलेला दिसतो. साध्या ए-फोर पानाएवढा, त्यावर काळी, ठसठशीत अक्षरं. लोक पिशव्या सांभाळत त्याच्यासमोरून निघून जातात. काय लिहिलंय त्यावर? इथे रेस्टॉरंट सुरू व्हायचंय, मालकाला जेवणाबरोबर दारू विकायची आहे, आणि कुणाची हरकत असेल तर अमुक तारखेपर्यंत कौन्सिलला लेखी कळवावं.

कागदाचा रंगसुद्धा सरकारी नियमाने ठरलेला आहे! पांढरा चालत नाही, निळाच हवा. अक्षर किमान सोळा पॉइंटचं. नोटीस रस्त्यावरून सहज वाचता आली पाहिजे आणि सलग २८ दिवस तिथे राहिली पाहिजे. चार टेबलांच्या हॉटेलात वाइनचा पेला ठेवायचा, तर आधी अख्ख्या गल्लीला तसं सांगायचं.

समजा, २८ दिवस उलटले आणि कुणीच काही कळवलं नाही. मग कौन्सिल विचार करून निर्णय देत असेल, असं वाटतं ना? तसं नाही! अर्ज नियमाप्रमाणे असेल, तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. नगरसेवकांना मनातून तो नको असला, तरी नाकारता येत नाही. शेजारीपाजारी गप्प राहिले, यातच होकार आला.

आणि हरकतीचं एक जरी पत्र आलं तर? सगळं चित्र पालटतं. पत्र टिकणारं असेल आणि आपसात तोडगा निघाला नाही, तर सुनावणी लागते. एका बाजूला तीन नगरसेवक, समोर हॉटेलवाला, आणि शेजारी पहिल्या मजल्यावर राहणारी आजी, जिच्या खिडकीखाली रात्री खुर्च्या सरकवल्याचा आवाज येणार आहे. पोलीस, अग्निशमन दल, आरोग्य खातं यांनाही हरकत घेता येते. पण आजीला बोलायला ना वकील लागतो, ना फी.

आपल्याकडच्या आडव्या बाटलीची इथे आठवण होते. महाराष्ट्रात वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायचं, तर नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. ते काम किती कठीण, हे त्यासाठी दारोदार फिरलेल्या बायकाच जाणतात. इंग्लंडमध्ये दुकान बंद व्हायला नाही, पण प्रश्न सुनावणीला यायला एकटी आजी पुरते.

मात्र तिने काय बोलायचं, याला कुंपण आहे. ‘दारू वाईट’ हे कारण चालत नाही. ‘या रस्त्यावर आधीच पाच हॉटेलं आहेत, सहावं कशाला?’ हेही नाही. हरकत चारांपैकी एका गोष्टीशी जोडलेली हवी: गुन्हे आणि दंगा, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव, मुलांचं संरक्षण. लोकांची तब्येत या यादीत नाहीच! शेजारच्या स्कॉटलंडने आपल्या कायद्यात सार्वजनिक आरोग्य हा पाचवा मुद्दा घातला. स्कॉटलंडने केलं तेच शहाणपणाचं, असं मला वाटतं.

सुनावणीतून बहुधा मधली वाट निघते. बाहेरची टेबलं दहाला आत घ्या, दारू फक्त टेबलावर बसून जेवणाऱ्यालाच द्या, अशा अटी परवान्यावर चढतात. निकाल पटला नाही तर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं. एकदा परवाना मिळाला म्हणजे सुटलो, असंही नाही. पुढे त्रास झाला, तर आजी फेरविचाराची मागणी करू शकते.

हा अधिकार कौन्सिलकडे आला तरी कधी? अगदी अलीकडे, २४ नोव्हेंबर २००५ रोजी. त्याआधी तो न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हाती होता, आणि किती काळ? १५५२ पासून! शिवजन्माला अजून ७८ वर्षं होती, तेव्हा इंग्लंडच्या पार्लमेंटने ठरवलं की बिअरचा गुत्ता चालवायला दोन दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी. साडेचारशे वर्षं चाललेली ती रीत २००३ च्या कायद्याने बदलली आणि किल्ली नगरसेवकांकडे आली.

या कायद्याच्या पोटात आणखी काय काय दडलंय! ग्राहकाने मागितलं, तर दारूचा परवाना असलेल्या हॉटेलने पिण्याचं पाणी फुकट द्यायचं, ही परवान्याचीच अट आहे. रात्री अकरानंतर गरम चहा विकायचा? कौन्सिलने सूट दिली नसेल, तर त्यालाही परवाना लागतो. थंड सँडविचला मात्र नाही! सोळा वर्षांच्या मुलाला दारू विकता येत नाही, पण टेबलावर जेवताना सोबतच्या मोठ्या माणसाने बिअर, वाइन किंवा सायडर घेऊन दिली, तर तो ती पिऊ शकतो.

आणि परवाना नसलेल्या हॉटेलात गिऱ्हाइकाने स्वतःची बाटली नेली तर? चालतं! बर्मिंगहॅममध्ये ‘बाल्टी’ नावाचा पदार्थ वाढणाऱ्या हॉटेलांत लोक वर्षानुवर्षं अशाच बाटल्या घेऊन येत आले. कारण कायदा बोट ठेवतो ते विक्रीवर. आपल्याकडची ‘परमिट रूम’ची पाटी आठवा. ते परमिट पिणाऱ्याचं! १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली दुकानदाराला परवाना लागतो तसा पिणाऱ्यालाही लागतो. तिकडे पिणाऱ्याच्या खिशात कुठलाही कागद लागत नाही. सगळं काही दारावरच्या कागदावर.

तेव्हा मुलाकडे किंवा लेकीकडे तिकडे गेलात आणि काचेवर निळा कागद दिसला, तर थांबून वाचा. खाली शेवटची तारीख असते. हरकत घेणारा त्याच परिसरातला हवा, ही अट २०१२ मध्ये काढून टाकली आहे.