वाऱ्याकडे तोंड करून

ऐका पोरांनो, आज गोव्यातल्या दाबोळीची गोष्ट. मुरगावजवळ, समुद्राच्या कडेला, जांभ्या दगडाचा उंच सपाट सडा आहे. पोर्तुगीजांनी 1950च्या दशकात तिथे विमानतळ बांधला. गोवामुक्तीच्या वेळी, 18 डिसेंबर 1961 रोजी, आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. पुढे तळ नौदलाकडे आला. कोइम्बतूरजवळच्या सुलूरला 1961मध्ये सुरू झालेला नौदलाचा हवाई तळ 'आयएनएस हंसा' 1964 साली इथे मुक्कामाला आला.

आता विचाराल, आजोबा, नौदलाची विमानं जहाजावर राहतात ना, मग त्यांना जमिनीवर घर कशाला? त्याचं उत्तर वाऱ्यात आहे.

विमानाचा पंख हवेला खाली ढकलतो आणि हवा पंखाला वर उचलते. त्यासाठी पंखावरून हवा जोरात वाहायला हवी. वारा पडला असेल तर पतंग चढवायला तुम्ही दोरा धरून पळता ना? तसंच हे. समोरून ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवर तेवढा वेग कमी पुरतो. म्हणून विमानं सोडताना विमानवाहू जहाज वाऱ्याकडे तोंड करतं आणि वेगानं धावतं. बंदरात नांगरलेल्या जहाजाला ना वळता येत, ना धावता. मग बंदरात शिरण्याआधीच विमानं उडून किनाऱ्यावरच्या तळावर येतात. पहिल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरच्या सी हॉक विमानांचं घर दाबोळीच होतं. 1971च्या युद्धात 'विक्रांत'वरून उडून त्यांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले.

धावपट्टी मात्र वळत नाही. म्हणून ती बांधतानाच वारा ओळखावा लागतो. दाबोळीची पट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. दुपारी उन्हानं जमीन तापते, समुद्र तेवढा तापत नाही. जमिनीवरची हलकी हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा धावत येते. हेच खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे उलटे, समुद्राकडे वाहतात. पावसाळ्यात तर नैर्ऋत्येचा मोसमी वारा सड्यावर थेट आदळतो. वारा पश्चिमेचा असला की विमान समुद्राकडे तोंड करून उडतं.

याच तळावर नौदलानं जहाजाच्या डेकची हुबेहूब नक्कल बांधली आहे. पुढे वर उचललेला उतार, मागे आडव्या पोलादी तारा. उतारावरून सुटलेलं विमान थोडं वर फेकलं जातं आणि वेग पुरा करायला त्याला हवेत काही क्षण मिळतात. उतरताना शेपटीखालचा आकडा तारेत अडकतो. नौदलासाठी बनवलेलं आपलं तेजस लढाऊ विमान आधी इथे शिकलं. मग 11 जानेवारी 2020 रोजी ते 'विक्रमादित्य' या विमानवाहू जहाजावर उतरलं आणि ताशी सुमारे 240 किलोमीटरच्या वेगावरून 90 मीटरच्या आत थांबलं! भर समुद्रातलं ते धाडस शक्य झालं, कारण चुका करायला आणि सुधारायला आधी पक्की जमीन होती.

गोव्याला गेलात, तर बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय जरूर बघा. आणि दाबोळीहून उडताना पट्टीच्या टोकावरचा 26 किंवा 08 हा आकडा दिसला, तर त्याला दहानं गुणा. उत्तरेपासून साधारण तितक्या अंशांवर तुमच्या विमानाचं तोंड असेल. मग वारा कुठून येतोय, ते तुम्हीच मला सांगा.