रजिस्ट्री झाली, मग सातबाऱ्यावर नाव कधी चढणार? दोन डेटाबेस जोडले जातात तेव्हा नेमकं काय होतं?

कर्जत किंवा खालापूर तालुक्यात कधी जागा बघायला गेला असाल, तर एजंटचं एक वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल: "रजिस्ट्री करून घेऊ, सातबाऱ्यावर नाव मागाहून चढेल." हे 'मागाहून' म्हणजे नक्की काय? सगळं ऑनलाइन झालंय, तर नाव त्याच क्षणी का चढत नाही?

कारण या दोन नोंदी दोन वेगळ्या डेटाबेसमध्ये होतात. खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलं जातं, तिथलं सॉफ्टवेअर आहे 'आय-सरिता'. सातबारा मात्र महसूल खात्याच्या 'ई-फेरफार' प्रणालीत असतो. पूर्वी नोंदणी कार्यालयातून तलाठ्याकडे कागदावर वर्दी जायची. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५४ मध्येच तशी तरतूद आहे. आता तीच माहिती एका सिस्टीममधून दुसऱ्या सिस्टीममध्ये जाते.

कनेक्टर म्हणजे काय?

अशी ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरला कनेक्टर म्हणतात. त्याला एखाद्या कारकुनासारखं समजा. कुठल्या ऑफिसात जायचं, कुठलं रजिस्टर उघडायचं, कुठला रकाना कुठे उतरवायचा, हे सगळं त्याला आधी सांगून ठेवावं लागतं. हे सांगणं म्हणजेच कॉन्फिगरेशन.

पहिला भाग सोपा असतो. सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड. इथे एक पथ्य पाळतात: ज्या डेटाबेसमधून माहिती उचलायची, तिथे कनेक्टरला फक्त वाचायची परवानगी द्यायची, लिहायची नाही. मग तो किती वेळाने फेरी मारणार ते ठरतं. प्रत्येक फेरीला सगळं रजिस्टर उतरवण्यात अर्थ नसतो, म्हणून मागच्या फेरीनंतर जे नवं आलं किंवा बदललं तेवढंच तो उचलतो.

खरी डोकेदुखी पुढे आहे. इकडची नोंद आणि तिकडची नोंद एकाच जमिनीची आहे, हे मशीनला कसं कळणार?

नावावरून? अवघड आहे. कर्जत तालुका रायगडमध्ये आहे, तसा अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. आपल्या कर्जत तालुक्यात कळंब नावाचं गाव आहे. धाराशिव आणि यवतमाळमध्ये कळंब नावाचे अख्खे तालुके आहेत. खालापुरातल्या एका गावाचं नाव तर 'चौक' आहे, म्हणजे पत्त्यात तो शब्द दिसला की गाव समजायचं की नाका? २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी यादीत आपल्या रायगडचं स्पेलिंग 'रायगढ' असं आहे, आणि छत्तीसगडमधल्या रायगढचंही तेच.

म्हणून नावाऐवजी कोड वापरतात. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक आहे. नव्या नमुन्यातला सातबारा काढून बघा, गावाच्या नावापुढे कंसात एक आकडा दिसेल. तो उगाच छापलेला नाही.

दस्त क्रमांकाचंही तसंच. प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक वर्षी तो १ पासून सुरू होतो. त्यामुळे कार्यालय, वर्ष आणि क्रमांक तिन्ही मिळून एक ओळख बनते. ती नीट ठरवली नाही आणि मध्येच लाइन तुटून तीच फेरी पुन्हा मारली गेली, तर एकच व्यवहार दोनदा चढू शकतो.

रकाने जुळवणं हेही एक कामच. सातबाऱ्यावर क्षेत्र ०.४०.५० असं लिहितात: हेक्टर, आर, चौरस मीटर. म्हणजे ४,०५० चौरस मीटर, जेमतेम एकराहून जास्त. पण दोन टिंबं असलेला आकडा कॉम्प्युटरच्या लेखी आकडाच नसतो, त्यामुळे त्याचे आधी तीन तुकडे करावे लागतात. सर्वे नंबर १२, हिस्सा ३ असेल, तर कोणीतरी एक्सेलमध्ये साधं १२/३ टाइप करतं आणि एक्सेल त्याची थेट तारीख करून मोकळं होतं! म्हणून असा रकाना 'संख्या' किंवा 'तारीख' नाही, तर 'मजकूर' म्हणून बांधून ठेवतात.

मग सगळं जुळलं तरी उशीर का?

कारण माहिती पोचली म्हणून ती सातबाऱ्यावर आपोआप चढत नाही. तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, तेव्हा नाव बदलतं. ही दिरंगाई नव्हे, कलम १५० ची प्रक्रिया आहे. खरेदीखत नोंदवलं गेलं एवढंच कनेक्टर सांगू शकतो. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का, बहिणीचा हिस्सा डावलला का, हे त्याला कळत नाही. हरकत घ्यायची संधी न देता नाव चढवणारी सिस्टीम वेगवान असेल, पण मला ती नको आहे.

मात्र या मधल्या दिवसांत सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव असतं. तोच सातबारा दाखवून जमीन दुसऱ्याला विकायचा प्रयत्न होऊ शकतो. कायद्याने आधीच्या व्यवहाराला प्राधान्य मिळतं, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे अडकतात ते अडकतातच.

म्हणून जागा घेताना दोन्ही डेटाबेस बघा. १५ रुपयांत मिळणाऱ्या डिजिटल सातबाऱ्यावर मालकाच्या नावासोबतच 'प्रलंबित फेरफार' ही ओळ वाचा. महाभूमीच्या 'आपली चावडी'वर गाव निवडलं की तिथल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात. आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच सर्वे नंबरचे दस्त शोधा. नुकतंच झालेलं खरेदीखत सातबाऱ्याच्या आधी तिथे सापडू शकतं. शोधताना जिल्हा रायगडच निवडलाय ना, तेवढं बघा.