पडद्यावरचं संत्रं

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे या दोन काठांची नावं दूरवर पोचली. पण वर्षभराचा इथला विषय म्हणजे संत्रं. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून जो नवा जिल्हा झाला, तोही संत्र्याच्या बागांचाच. आता फळ तोडण्याआधी त्याचा फोटो व्यापाऱ्याच्या मोबाइलवर जाऊ शकतो. मात्र ज्या पडद्यावर व्यापारी संत्र्याचा रंग पाहतो, त्या पडद्यात नारिंगी प्रकाश देणारा एकही कण नसतो.

खात्री करून घ्यायची तर फोटो उघडून पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब टेकवा. थेंब भिंगाचं काम करतो. त्याखाली लाल, हिरवे आणि निळे कण दिसू लागतात. संत्र्याच्या जागी लाल कण जोरात पेटलेले, हिरवे मंद आणि निळे जवळपास विझलेले. इंचाला ४०० ठिपके असलेल्या पडद्यावर अशा कणांनी बनलेल्या एका ठिपक्याची रुंदी साधारण ०.०६ मिलिमीटर असते, म्हणून एरवी हे कण वेगळे दिसत नाहीत.

दोन रंगांतून तिसरा

संत्र्याची साल सूर्यप्रकाशातला निळा भाग शोषून घेते आणि पिवळा, नारिंगी, लाल असा मोठा पट्टा परत फेकते. मोबाइल यातलं काही करत नाही. तो फक्त लाल आणि हिरवा प्रकाश सोडतो. तरी दोन्ही रंग सारखे दिसतात, कारण आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या आहेत. या तीन पेशी ज्या प्रमाणात उत्तेजित होतात, तेवढंच मेंदूला कळतं. सालीवरून आलेला प्रकाश आणि पडद्यावरून आलेला प्रकाश वेगळे असले, तरी हे प्रमाण जुळलं की रंग तोच. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनला लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतलेली छायाचित्रं एकावर एक टाकून रंगीत चित्र दाखवलं, ते याच आधारावर.

बागेत संत्री फोडणाऱ्या पोपटाच्या डोळ्यात मात्र चार प्रकारच्या शंकुपेशी असतात. पडदा माणसाच्या मापानं बेतलेला आहे. पोपटाला त्यावरचं संत्रं खऱ्यासारखं वाटेलच असं नाही.

प्रत्येक कणाच्या उजेडाला सहसा ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. तिन्हींचा गुणाकार केला की १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा होतात. संगणकातल्या एका प्रमाण नारिंगी रंगाची नोंद आहे लाल २५५, हिरवा १६५, निळा ०. यातला १६५ हा आकडा कमालीच्या ६५ टक्के भरतो, पण हिरवा प्रकाश प्रत्यक्षात ३८ टक्क्यांच्या आसपासच बाहेर पडतो. अंधुक उजेडातले फरक डोळा जास्त बारकाईनं टिपतो, म्हणून पायऱ्या त्या बाजूला दाट ठेवल्या आहेत.

फोटो एक, रंग दोन

एकच फोटो दोन मोबाइलवर वेगळा दिसतो, त्याला कारणं आहेत. एलसीडी पडद्यामागे पांढरा उजेड कायम चालू असतो आणि द्रवस्फटिकं तो कमीजास्त अडवतात. पूर्ण अडत नसल्यानं काळा रंगही किंचित राखाडी दिसतो. ओएलईडीत प्रत्येक कण स्वतः उजळतो, काळ्या जागी तो बंदच असतो, म्हणून रंग अधिक गडद वाटतात. त्यात कोणी ‘व्हिव्हिड’ मोड लावलेला असतो, कोणाचा रात्रीचा मोड निळा प्रकाश कमी करून सगळंच पिवळसर करतो. भर उन्हात तर काचेवरून परतलेला उजेड पडद्याच्या रंगात मिसळतो आणि फळं फिकी पडतात.

गडबड फोटो काढतानाही होते. झाडाखालचा उजेड पानांतून गाळून आलेला, हिरवट असतो. चौकटभर संत्रीच असतील, तर उजेडच नारिंगी आहे असं समजून कॅमेरा रंग निळ्याकडे ओढू शकतो. फळं मोकळ्या सावलीत ठेवून शेजारी कोरा पांढरा कागद ठेवला, तर कॅमेऱ्यालाही आणि पाहणाऱ्यालाही अंदाज येतो.

तरीही रंगावरून गोडी ठरत नाही. रात्री गार झाल्याशिवाय सालीतलं हरितद्रव्य नीट ओसरत नाही. त्यामुळे आंबिया बहाराची लवकर तोडलेली फळं आतून तयार असूनही वरून हिरवट राहू शकतात. गोडी मोजण्यासाठी रसाचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकावेत. रसात साखर जितकी जास्त, तितका प्रकाश अधिक वाकतो आणि त्यावरून आकडा मिळतो. फोटोखाली तो आकडा लिहून पाठवला, तर समोरच्याचा पडदा कसाही असो, सौद्याला फरक पडत नाही.