ऑस्टोमी रुग्ण साहाय्यगट

ऑस्टोमी रुग्ण साहाय्यगट : पोटावर शस्त्रक्रियेने केलेल्या छिद्रावाटे मल वा मूत्र विसर्जित होणाऱ्या रुग्णांचा, रुग्णालयाच्या आधाराने चालणारा परस्परसाहाय्याचा गट. असे छिद्र करण्याच्या शस्त्रक्रियेस ऑस्टोमी व छिद्रास स्टोमा म्हणतात. बृहदांत्राच्या छिद्रास कोलोस्टोमी, लघ्वांत्राच्या अंत्य भागाच्या छिद्रास इलिओस्टोमी व मूत्रासाठी केलेल्या छिद्रास युरोस्टोमी अशी नावे आहेत. कर्करोग, व्रणयुक्त बृहदांत्रशोथ, आतड्यातील अडथळा, इजा व जन्मजात विकृती ही या शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे होत. छिद्र तात्पुरते वा कायमचे असते. त्यास आकुंचक स्नायू नसल्याने विसर्जनावर ताबा राहत नाही आणि उत्सर्ग पोटास चिकटविलेल्या पिशवीत गोळा करावा लागतो.

गरज : शस्त्रक्रियेने प्राण वाचतात; परंतु रुग्णाच्या खऱ्या अडचणी घरी परतल्यावर सुरू होतात. पिशवी गळेल, दुर्गंधी येईल या भीतीने तो प्रवास, नोकरी, लग्नकार्य व पंगत टाळतो. देवघरात वा स्वयंपाकघरात वावरण्याचाही अनेकांस संकोच वाटतो. पुण्यातील नारायण पेठेसारख्या जुन्या वस्तीतील वाड्यांत शौचकूप पुष्कळदा सामायिक असत. अशा घरी पिशवी एकांतात रिकामी करून धुणे हाच मोठा प्रश्न ठरे. या गोष्टी रुग्ण शस्त्रवैद्यास सहसा विचारीत नाही. त्याच स्थितीतून गेलेल्या माणसास मात्र विचारतो. साहाय्यगटाचा पाया हाच आहे.

इतिहास : न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात १९५१ मध्ये अशा रुग्णांचा गट स्थापन झाला, क्यू व टी या कक्षांवरून त्यास ‘क्यूटी’ हे नाव पडले. ब्रिटनमध्ये इलिओस्टोमी रुग्णांची संघटना १९५६ मध्ये निघाली. क्लीव्हलँड येथील शस्त्रवैद्य रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये आपल्याच रुग्ण नॉर्मा गिल यांना इतर रुग्णांना मार्गदर्शन करण्यासाठी नेमले व त्यातून १९६१ मध्ये प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. आंतरराष्ट्रीय संघटना १९७५ मध्ये स्थापन झाली. भारतात ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत कार्य करते. तेथील टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा-चिकित्सालय असून परिचारिकांना या विषयाचे शिक्षण दिले जाते.

स्थापना व कार्य : गटाच्या आरंभासाठी एक शस्त्रवैद्य, स्टोमा-परिचर्येची माहिती असलेली परिचारिका, समाजसेवक व बरे झालेले काही रुग्ण पुरेसे असतात. रुग्णालयाने बैठकीसाठी ठरावीक दिवस व खोली द्यावी. खोलीलगत शौचालय असावे. गटाचे प्रमुख कार्य म्हणजे रुग्णभेट. भेट देणारा रुग्णाच्याच वयाचा, लिंगाचा व तशीच शस्त्रक्रिया झालेला असल्यास उत्तम. ही भेट शस्त्रवैद्याच्या व रुग्णाच्या संमतीनेच, शक्य तर शस्त्रक्रियेपूर्वी व्हावी. भेट देणाऱ्याने स्वतःचा अनुभव सांगावा, औषधोपचार सुचवू नयेत व रुग्णाची माहिती गुप्त राखावी. छिद्राचा रंग काळसर होणे, उत्सर्ग थांबून पोट फुगणे वा त्वचा सोलवटणे अशा तक्रारी त्याने तत्काळ वैद्याकडे पाठवाव्यात. बैठकीत पिशवी बदलण्याचे प्रात्यक्षिक, आहार व त्वचेची निगा यांची माहिती आणि कुटुंबीयांशी चर्चा यांस स्थान असते.

पिशव्यांचा नित्य खर्च ही गरीब रुग्णांची कायमची अडचण आहे. सामूहिक खरेदी व देणग्या यांद्वारे गट तो भार हलका करू शकतो. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या भारतीय अधिनियमातील एकवीस प्रकारांत ऑस्टोमीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे रुग्णांची मागणी शासनापुढे मांडणे हेही अशा गटांचे कार्य ठरते.