शिकागोचं गटार आणि एक दयाळू निरीक्षक

मंडळी, ‘सार्वजनिक’ म्हणजे काय, हा आपला चालू विषय. आज तो गटाराच्या बाजूने पाहू. हसू नका, नीतिशास्त्रातले काही प्रश्न तिथे फार स्वच्छ दिसतात.

शहर शिकागो. या शहराचं सांडपाणी नदीतून मिशिगन सरोवरात जायचं आणि पिण्याचं पाणीही त्याच सरोवरातून यायचं. म्हणून त्यांनी मोठा कालवा खोदला आणि जानेवारी १९०० मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. केवढा पराक्रम! पण १९०२ मध्ये तिथे विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची, साथ आली. एकोणिसाव्या वॉर्डात शहराच्या लोकसंख्येचा फक्त छत्तिसावा हिस्सा राहत होता, पण शहरातल्या मृत्यूंपैकी एक षष्ठांश तिथले होते.

ही स्थलांतरित कामगारांची वस्ती. तिथेच जेन ॲडम्स यांचं ‘हल हाउस’ होतं. या बाई १८९५ मध्ये स्वतः वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या होत्या, पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे जायच्या. साथीनंतर हल हाउसच्या रहिवाशांनी सुमारे दोन हजार घरं तपासली. सांडपाण्याची नीट सोय असलेली घरं निम्मीसुद्धा निघाली नाहीत.

आता प्रश्न असा, की नियम होते, निरीक्षकही होते, मग हे कसं चाललं? चौकशी झाली आणि स्वच्छता विभागातल्या २४ कर्मचाऱ्यांपैकी ११ जणांना काढून टाकलं. आपल्याला वाटतं, सगळे लाचखाऊ असणार. पण ॲडम्सबाईंनी एका म्हाताऱ्या निरीक्षकाबद्दल लिहिलंय, तो स्वभावाने दयाळू होता. एखादा घरमालक गरीब आहे, एखादा घर विकणारच आहे, मग त्याला आत्ताच कशाला खर्चात घालायचं? आपलं काय चुकलं, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

इथे जरा थांबू. त्याची दया खोटी नव्हती. पण तिची किंमत कोण देत होतं? तो नव्हे, घरमालकही नव्हे. देत होता पलीकडच्या खोलीतला भाडेकरू, ज्याला कोणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्याच्या जिवावर केलेली दया म्हणजे सवलत, आणि ती द्यायचा अधिकार निरीक्षकाला नसतो.

त्याच वस्तीत एक विधवा बाई होत्या. घर आरशासारखं लखलखीत, शेजाऱ्यांशी संबंध जेवढ्यास तेवढे. दोन्ही मुली दूर कॉलेजात शिकत होत्या. सुट्टीत घरी आल्या, दोघींना विषमज्वर झाला आणि एक गेली. ‘आपण आपलं स्वच्छ राहावं’ हे शहाणपण, मंडळी, आपल्या दाराशी संपतं. गटार दार ओळखत नाही.

आता यातला पेच. डॉ. ॲलिस हॅमिल्टन तेव्हा हल हाउसमध्येच राहत होत्या. उघड्या संडासांवरच्या माश्यांनी रोग पसरवला, असं त्यांनी मांडलं, ते गाजलंही. पुढे त्यांनीच आत्मचरित्रात सांगितलं की खरं कारण वेगळं होतं. पंपिंग स्टेशनवर बिघाड होऊन सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं होतं आणि आरोग्य खात्याने ते दडवलं होतं.

मग संडासांविरुद्धची मोहीम चुकली का? मला तसं वाटत नाही. ते संडास धोक्याचेच होते. पण देखरेखीची देखरेख झाली नाही. खालच्या निरीक्षकांची चौकशी झाली, वरची गोष्ट तेव्हा बाहेरच आली नाही.

जॉन ड्यूई त्या काळात शिकागोत होते, हल हाउसशी निकटचे. १९२७ च्या पुस्तकात ते मांडतात: दोघांच्या व्यवहाराचे परिणाम जेव्हा तिसऱ्याला भोगावे लागतात, तेव्हा ‘सार्वजनिक’ जन्माला येतं. घरमालक आणि निरीक्षक हे ते दोघे, आणि भाडेकरू तिसरा. याच ड्यूईंचे विद्यार्थी पुढे कोलंबियात डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. महाडचं तळं, म्हणजे पाणी कोणाचं हा प्रश्न, या चौकटीत ठेवून पाहा. पुढच्या व्याख्यानात तिथूनच सुरुवात करू.